फाटकाबाहेरचा गुरुवार

"मावशी, सही करा अन् मोकळ्या व्हा. एका ओळीचं तं काम हाये," धीरज म्हणाला.

जयवंताबाईंचे हात ओले होते. त्यांनी ते पदराला पुसले, चष्मा नाकावर ढकलला आणि कागद दोनदा वाचला. वाचून टेबलावर जसा होता तसा परत ठेवला.

"नाई जमत जी," त्या म्हणाल्या.

आमच्या सिंदी मेघेच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. एरवी वीस म्हातारे एका वेळी बोलत असतात आणि ऐकत कोणीच नसतं.

मी सुलोचना. मंडळाचे अध्यक्ष प्रभाकरराव, त्यांची बायको. वर्ध्याच्या बाजारात यांचं चाळीस वर्षं कापडाचं दुकान होतं. दुकानाच्या गादीवरून उठले ते थेट या खुर्चीवर येऊन बसले. माणसाला बसायला काहीतरी लागतंच. तो कागद यांनीच टाइप करून आणला होता, पण डोकं धीरजचं; जयवंताबाई ख्रिस्ती, सेवेच्या नावाखाली धर्म पसरवतील ही त्याची शंका. धीरज आमच्या वॉर्डातला पुढारी पोरगा. हॉलचे पंखे त्यानं लावून दिलेले, त्यामुळे त्याचा शब्द खाली पडत नसे. कागदावर लिहिलं होतं, 'मी मंडळात सेवा करताना येशूचं नाव घेणार नाही, प्रार्थना करणार नाही व कोणास सांगणार नाही.' खाली सहीसाठी रेघ.

सेवा म्हणजे काय, तर पाय. दर गुरुवारी सकाळी जयवंताबाई एक निळा टब, मीठ, डेटॉल, जुने पंचे आणि जाड नखं कापायची पक्कड घेऊन यायच्या. हॉलच्या गॅसवर पाणी कोमट करायच्या आणि एकेकाचे पाय धुवून नखं कापून द्यायच्या. अकरा वर्षं. घेतला तर कपभर चहा, तोही बिनसाखरेचा.

लोकांना हसू येईल. पण सत्तरी उलटू द्या, मग कळेल. कंबर वाकत नाही, डोळ्यांना दिसत नाही, आणि सुनेला सांगायची लाज वाटते. माझी नखं तर म्हशीच्या शिंगासारखी पिवळी आणि वाकडी. लग्नकार्यातही मी पाय पातळाखाली दडवून बसते. पोटच्या पोरीला कधी दाखवले नाहीत. जयवंताबाईंनी पहिल्या दिवशी ते मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "बाप्पा! एवढे दिवस कुठी लपवून ठेवलते?" मी हसले, आणि मग रडले. आता कशाला खोटं बोलू.

जयवंताबाई दवाखान्यात कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात तीस वर्षं आया होत्या. तिथं एक गोष्ट शिकल्या होत्या, ती आम्हाला दर गुरुवारी ऐकवायच्या. "जिथी दुखते तिथी माणूस सोताच पाह्यते. जिथी दुखत नाई तिथी दुसऱ्यानं पाह्यलं पायजे." म्हणून त्यांची रीत ठरलेली होती, आधी चप्पल, मग पाय. प्रत्येकाची चप्पल उलटी करून झटकायची आणि आत बोटं फिरवून बघायची, खिळा आहे का, काटा आहे का. बापूजींची चप्पल तर दोनदा. बापूजींनी जाम गावच्या चौफुलीवर तीस वर्षं उभं राहून चहा विकला होता. आता मुलाकडे, अंकितकडे, राहत होते. साखरेनं त्यांचे दोन्ही तळपाय बधिर केले होते. निखाऱ्यावर ठेवले असते तरी कळलं नसतं.

तर त्या दिवशी होळी होऊन आठवडाही झाला नव्हता. टबात बापूजींचे पाय भिजत होते आणि टेबलावर कागद पडला होता.

मीच बोलले. "जयवंताबाई, अकरा वर्षांत तुमच्या तोंडून मी येशूचं नाव एकडाव नाई आयकलं. मंग लिहून द्याले का जाते तुमचं?"

"तेच तं, सुलोचनाबाई," त्या म्हणाल्या. "नाई घेतलं ते माह्या मनानं नाई घेतलं. लिहून देल्लं का मंग ते तुमच्या हुकमानं. आईचं नाव घेणार नाई असं लिहून देता का तुमी कोणाले?"

"म्हणजे मावशी, तुम्ही प्रार्थना करता?" धीरजनं वकिलासारखं विचारलं.

बाईनं 'नाही' म्हणायचं की नाही? कोणाला कळणार होतं? पण ही बाई सरळ उभी राहिली.

"करतो ना. रोज सकाळी, घरी. एकेकाचं नाव घेऊन. बापूजीच्या पायाचं सांगतो, सुलोचनाबाईचा टोंगळा वाकत नाई ते सांगतो. परभाकररावच्या अंगठ्याचं तं स्पेशल सांगतो, त्याचं नख मांसात घुसून राह्यलं. ते बी बंद करू का?"

बापूजी टबातले पाय आपटून हसले. पाणी उडून आमच्या ह्यांच्या पँटवर पडलं. यांना हसू आलं होतं, मी नवऱ्याला ओळखते. पण धीरज बघत होता, म्हणून यांनी घसा खाकरला आणि निर्णय दिला. सही होईपर्यंत हॉलमध्ये येणं बंद.

"बरं जी," जयवंताबाई म्हणाल्या. खाली बसल्या, बापूजींचे पाय पुसले, बोटांच्या बेचक्यांतून पंचा फिरवला, राहिलेली तीन नखं कापली. मग टब उचलला आणि गेल्या.

पुढच्या गुरुवारी सकाळी आम्ही जमलो तर फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेच्या कडुलिंबाखाली, निळा टब. बाजूला थर्मासमध्ये घरून आणलेलं गरम पाणी. समोर रिकामा स्टूल. जयवंताबाई पेपर वाचत बसलेल्या.

"रस्ता सरकारचा आहे, काय बोलणार," हे पुटपुटले. पण सगळ्यांना ऐकू जाईल असं धीरज म्हणाला, "ज्याले जायचं त्यानं जावं. मंग मंडळाचं सभासद राह्यचं का नाई ते बी पाहावं."

कोणी गेलं नाही.

मीसुद्धा गेले नाही. हे सांगताना आजही माझं थोबाड गरम होतं. हॉलच्या खिडकीतून टब दिसत होता. मोजून वीस पावलं. घरी यांनी बजावलं होतं, "तू गेली तं माह्यं नाक कापल्या जाईन." आणि मी, जी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी अर्धा तास भांडते, ती पाय पातळाखाली ओढून भजनाच्या टाळ्या वाजवत बसले. बापूजी खिडकीशी जाऊन उभे राहिले तेव्हा कोणीतरी त्यांना हाताला धरून परत आणून बसवलं. अंकितचा दुकानाचा गाळा धीरजच्या ओळखीनं मिळालेला, बापूजी तरी काय करतील?

दुपारी मी भाजीच्या निमित्तानं जयवंताबाईंचं घर गाठलं. म्हटलं, "तुमच्या चर्चवाल्यांले तरी विचारा, ते काय म्हणतात."

"विचारलं. आमचे पाळकसायेब म्हंतात, सही करून टाका, नम्र व्हा."

"मंग व्हा ना!"

"मी पाय धुतो तवा मान खालीच राह्यते जी," त्या म्हणाल्या. "पाय खाली असतात म्हून. भेवून नाई."

दुसरा गुरुवारही तसाच गेला, तिसराही. ऊन चढायला लागलं. त्या सातला यायच्या, दहाला थर्मासमधलं पाणी कडुलिंबाच्या बुडाशी ओतून जायच्या. ओतताना पाण्याची वाफ निघायची. मी ती वाफ बघायची आणि घरी जाऊन ह्यांच्यावर खेकसायची, भाजीत मीठ जास्त झालं तरी यांचीच चूक.

चौथ्या गुरुवारी कडुलिंबाखाली टब नव्हता.

हॉलमध्ये बातमी आधीच पोचली होती. बापूजींच्या डाव्या चपलेत बाभळीचा काटा रुतला होता. कोणास ठाऊक किती दिवस. ते त्याच चपलेवर चालत होते, मंडळात येत होते, आमच्या शेजारी बसत होते. वास यायला लागला तेव्हा अंकितनं मोजा काढून पाय बघितला. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. डावा पाय घोट्याच्या वरून कापला.

"वयच होतं," हे म्हणाले. धीरजनं चुकचुक केलं.

मी उठले आणि सरळ जयवंताबाईंकडे गेले. त्या ओट्यावर बसल्या होत्या. दोन दिवस दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून आल्या होत्या, बापूजींसमोर जायची हिंमत झाली नव्हती. डोळे सुजलेले. मला पाहताच म्हणाल्या, "कागद आणला का?"

"कोणता कागद?"

"सहीचा. आणा. करतो सही." त्यांनी हात पुढे केला. "माह्या हट्टापायी बापूजीचा पाय गेला वं बाई. मी आत असती तं काटा माह्या बोटाले लागला असता. परभूले काय सांगू? तुह्या नावासाठी थांबली अन् तुह्या लेकराचा पाय घालवला?"

महिनाभर मी याच सहीची वाट पाहत होते. सही झाली की सगळं पूर्वीसारखं, माझी नखंही कापली जातील. आणि आता ती बाई आपणहून कागद मागत होती, तर माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की विचारू नका.

"खबरदार सही केली तं!" मी ओरडले. "हट्ट तुमचा होता? तुमी तं वीस पावलावर बसून होत्या, तीन गुरवार, गरम पाणी घेऊन! ते वीस पावलं आमच्यानं चालल्या गेले नाई. आमचे पाय तं शाबूत होते ना? बापूजीले हात धरून आत आणलं तवा मी टाळ्या वाजवून राह्यलती. आमचा भेकडपणा तुमी काऊन आपल्या नावावर घेता?"

जयवंताबाई ओट्यावरून उठल्या.

"गुरवारी बसजो," मी म्हटलं. पहिल्यांदाच त्यांना एकेरी बोलले. "मी येतो."

गुरुवारी मी घरून निघतानाच चप्पल हातात घेतली. म्हातारी बाई अनवाणी रस्त्यावरून चाललेली पाहून लोक दारात आले. येऊ दे. फाटकाशी यांनी वाट अडवली. "सुलोचना, लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. चाळीस वर्षं तुमच्या दुकानात लोकायले कापड दाखवलं, आज पाय दाखवतो."

हे बाजूला झाले. मी स्टुलावर बसले, पातळ पोटरीपर्यंत वर केलं आणि माझी ती म्हशीच्या शिंगांसारखी नखं भर रस्त्यात, सगळ्या वॉर्डासमोर टबात घातली. पाणी जरा जास्तच गरम होतं. जयवंताबाईंनी आधी माझी चप्पल झटकली. मग पक्कड घेतली आणि तासभर एकेक नख कापत राहिल्या.

पुढच्या गुरुवारी मंडळातले नत्थूजी आले, त्यांच्या मागोमाग शेजारच्या रूपालीची सासू. धीरजनं खरंच आमची नावं सभासदांच्या यादीतून खोडली. खोडू दे. पंखा त्याचा, सावली कडुलिंबाची. ह्यांचा अंगठा मात्र आतच ठणकत राहिला. रात्री मोजा काढताना हे विव्हळायचे. मी म्हणायची, "वीस पावलं हायेत. मोजून देऊ का?"

मे महिना उजाडला. सकाळी आठलाच डांबर मऊ पडायला लागलं होतं. जयवंताबाई नत्थूजींची टाच घासत होत्या आणि फाटकाशी ऑटो थांबला. आधी अंकित उतरला. त्याच्या खांद्याचा आधार घेत, काखेत कुबडी लावून बापूजी उतरले. पायजम्याची डावी, मोकळी बाजू दुमडून पिन लावलेली.

हे लगबगीनं बाहेर आले, फाटक सताड उघडलं. "या बापूजी, आत या. पंखा हाये, थंड पाणी हाये."

बापूजींनी तिकडे पाहिलंही नाही. कुबडी टेकत टेकत कडुलिंबाखाली आले. नत्थूजींनी घाईघाईनं ओले पाय बाहेर काढून स्टूल मोकळा केला. बापूजी बसले, दम खाल्ला.

जयवंताबाईंची मान वर होईना. "बापूजी, मी जर सही केली असती..." एवढंच बोलल्या आणि पदर तोंडात धरला.

बापूजींनी कुबडीच्या टोकानं उजव्या पायातली चप्पल काढली आणि त्यांच्या पुढ्यात सरकवली.

"हा एक राह्यला हाये," ते म्हणाले. "पहिले चप्पल पाह्य. मंग रडजो."

जयवंताबाईंनी डोळे पुसले. ती एकटी चप्पल उचलली, उलटी करून झटकली, पुन्हा एकदा झटकली आणि आत बोटं घालून हळूहळू टाचेपर्यंत फिरवली.