फळ्यावरचं शून्य

शेडच्या दाराशी एक काळा फळा होता. त्यावर गेले अकरा महिने रोज एकच मजकूर लिहिला जाई : आज उरलेलं ०.

फळा काकांनी आणला होता. काका म्हणजे चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. आयुष्य दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलं, तेही समोरच्याला लागू नये अशा बेताने, पेन्सिलीने, बारीक अक्षरात. त्यांची बायको म्हणे, "दुसऱ्याच्या पुस्तकातला काना दिसतो यांना, घरातला नळ महिनाभर गळतोय तो दिसत नाही." काका त्यावर मान डोलवत आणि नळ गळत राही.

निवृत्तीनंतर वेळ खायला उठला, तेव्हा त्यांनी ही शेड उभी केली. गावातला सुका कचरा तिथे यायचा आणि सहा बायका तो बसून निवडायच्या. पुठ्ठा, काच, पत्रा, बाटल्या, डबे, ज्याचा त्याचा ढीग. सगळं वेगळं झाल्यावर तळाशी जे राहायचं ते उरलेलं. शांपूच्या पुड्या, खाऊची वेष्टनं, बाहेरून रंगीत आणि आतून चांदीसारखी. तीन-चार पापुद्रे एकमेकांना असे चिकटवलेले की त्यांचं पुन्हा काहीच होत नाही. रोज संध्याकाळी काका ते पोतं काट्यावर ठेवत, आकडा फळ्यावर लिहीत आणि महिनाअखेर त्याचा तक्ता परदेशातल्या एका संघटनेला पाठवत. चाळीसेक देशांतली माणसं त्या संघटनेत होती. त्यांचं म्हणणं साधं होतं : ज्याचं पुन्हा काही होत नाही ते बनवूच नका, आणि तसा करार सगळ्या देशांनी मिळून करा.

सुरुवातीला फळ्यावर चौदा किलो यायचे. मग बारा, कधी तेरा. मग एकदम नऊ, सहा, दोन आणि एके दिवशी शून्य. काकांनी त्या दिवशी काटा तीनदा पुसला. मग शून्य रोजचंच झालं. परदेशातून प्रमाणपत्र आलं, पाहुणे आले, बायकांचे फोटो निघाले. गाव जगात पहिलं म्हणून काकांचं नाव दोन वर्तमानपत्रांत छापून आलं, दोन्हीकडे चुकीचं. काकांनी पहिल्यांदाच चूक दुरुस्त करायला पत्र पाठवलं नाही.

आणि आता करारासाठी सगळ्या देशांची सभा भरणार होती. तिथे शेडमधल्या एका बाईला तीन मिनिटं बोलायला मिळणार होती. सहाजणींत दोघी सख्ख्या बहिणी होत्या. त्यांना सगळे थोरली आणि धाकटीच म्हणत. जायचं ठरलं थोरलीचं. सभेच्या भाषांत तिची भाषा नव्हती, म्हणून दुभाष्या म्हणून काका.

निघायला आठ दिवस होते तेव्हा धाकटी दवाखान्यात पडली. खोकला वर्षभर होताच. त्या दिवशी श्वासच पुरेना. थोरली सकाळी शेडमध्ये, दुपारी बहिणीपाशी आणि संध्याकाळी घरी. भाषणाची तालीम राहून गेली, म्हणून काका कागद घेऊन तिच्या घरी गेले. इतक्या वर्षांत ते तिच्या उंबऱ्याच्या आत कधी गेले नव्हते.

खोली एकच. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात धाकटीची रिकामी खाट, अंथरुणाची वळकटी करून ठेवलेली. चुलीमागची भिंत काळी होती, पण लाकडाच्या धुराने होते तशी नव्हे. त्या काळ्यावर तेलकट चकाकी होती.

"बसा काका. चहा टाकते."

"चहा नको, तालीम करू."

"तालीम काय पळून जातेय? बसा."

थोरलीने चुलीशेजारच्या पिशवीत हात घातला. हात बाहेर आला तो पुड्या घेऊन. सरावाच्या बोटांनी तिने त्यांची गुंडाळी केली, काडी ओढून ती पेटवली आणि लाकडाखाली सरकवली. निळी-हिरवी ज्योत उठली. खोलीत गोडसर, घशाला धरणारा वास पसरला.

काकांच्या हातातला कागद हातातच राहिला.

"हे कुठून आणलं?"

"कुठून म्हणजे? शेडमधून."

"कधीपासून?"

थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी अवघड म्हणून विचारलेला प्रश्न पोराला भलताच सोपा वाटावा, तसं तिच्या चेहऱ्यावर आलं. "काका, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? आम्हाला वाटलं, तुम्ही समजून उमजून गप्प आहात."

"सगळ्याजणी नेता?"

"सगळ्या. डब्याच्या पिशवीतून, आपापल्या वाटणीचं. पेटतं चांगलं, लाकूड ओलं असलं तरी."

"पण का?"

थोरली चुलीत फुंकर घालत राहिली. "तुम्ही फळ्यावर चौदा लिहायचात ना, तेव्हा तुमचं तोंड उतरायचं. बोलायचा नाहीत काही. नुसते खडू हातात धरून उभे राहायचात. धाकटी म्हणाली, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं. मग तीच म्हणाली, थोडं घरी नेऊ, आकडा कमी होईल. आकडा कमी झाला आणि तुम्ही हसलात. मग कोण थांबणार?"

चहा झाला. काकांनी तो प्यायला. काय चव होती, ते त्यांना नंतर आठवेना.

"डॉक्टर काय म्हणाले धाकटीला?"

"विचारत होते, घरात काय जाळता म्हणून."

"मग?"

"लाकूड, म्हटलं. तुमचं शून्य जायला नको." तिने कप विसळला. "आता बोला, मी सांगू तिथे जाऊन? खरं ते?"

काका उठले. दाराशी जाऊन परत आले. "आत्ता कागदावर आहे तेवढंच बोल. मी आधी संघटनेच्या बाईंशी बोलतो. परत आलो की दुरुस्त करू. आणि हे आजपासून बंद. सगळ्यांना सांग."

"तुम्ही सांगा," थोरली म्हणाली. "शून्य तुमचं आहे."

पण दुसऱ्या दिवशी काकांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. सांगितलंही नाही कुणाला. रजेवर जातो तसे फळा कोरा ठेवून निघून गेले.

सभेच्या पहिल्या सकाळी त्यांनी संघटनेच्या समन्वयक बाईंना गाठलं. बाई बारा वर्षं या करारामागे धावत होत्या. डोळ्यांखाली काळं आलेलं, हातात तीन फोन. काकांनी अडखळत सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या एका खुर्चीवर बसल्या.

"यावर विश्वास ठेवून मी तुमचं गाव सगळीकडे सांगितलंय," त्या हळूच म्हणाल्या. "आज हे बाहेर आलं, तर उद्या आमचा एकही आकडा कुणी धरणार नाही. चाळीस देशांचे आकडे. दोन दिवस थांबा. सभा संपली की दुरुस्तीपत्र काढू."

"बाई, तिची बहीण आजारी आहे."

"मला कळतंय हो," समन्वयक म्हणाल्या, आणि त्यांना खरंच कळत होतं. पण फोन वाजला.

दुपारी थोरली आणि काका हॉलच्या मागच्या रांगेत बसले. दोघांच्या गळ्यात नावाची कार्डं, चकचकीत आवरणातली. व्यासपीठावर पुड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघाचा माणूस बोलत होता. नीटनेटका, मृदू आवाजाचा. काका थोरलीच्या कानाशी लागून तिला सांगत होते.

"म्हणतोय, दोष पुडीचा नाही, निवडण्याचा आहे. लोकांनी नीट निवडलं की काही उरत नाही. म्हणे एका गावात सहा बायका आहेत, त्यांच्याकडे शून्य उरतं. मग आम्ही पुड्या कमी का कराव्यात?"

थोरलीने व्यासपीठाकडे बोट केलं. "आपलंच गाव सांगतोय?"

"आपलंच."

"म्हणजे आपल्या शून्यावर हा आणखी पुड्या काढणार."

काकांनी मान डोलावली.

"आणखी?"

"आणखी."

तिने कागद उलगडला, पाहिला आणि पुन्हा घडी घातली. काका तिला काही विचारणार होते. पण तिचा नंबर पुकारला गेला आणि त्यांना दुभाष्याच्या काचेच्या खोलीत जावं लागलं. कानावर यंत्र चढवलं. समोर माइक, लाल दिवा आणि त्यांच्याच हाताने शुद्ध केलेलं भाषण, सभेच्या भाषेत, एकही चूक नसलेलं.

थोरली व्यासपीठावर उभी राहिली. लांबून ती फार लहान दिसत होती. पहिली दोन वाक्यं तिने कागदावरची म्हटली. आम्ही सहाजणी आहोत. आम्ही रोज तुमचा कचरा हाताने निवडतो. काकांनी ती सांगितली. मग तिने कागद खाली ठेवला.

"आमच्याकडे शून्य उरतं हे खोटं आहे," थोरली म्हणाली. "रोज तेरा-चौदा किलो उरतं. ते आम्ही घरी नेऊन चुलीत घालतो."

लाल दिवा जळत होता. हॉलमधली हजारभर माणसं कानाला यंत्र लावून काकांची वाट पाहत होती. काकांनी तोंड उघडलं. डोळे खाली कागदावर होते. चाळीस वर्षं त्यांनी समोर असेल ते वाचलं होतं, जे लिहिलेलं नाही ते कधी उच्चारलं नव्हतं. हे त्यांनी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. पण ते पुरतं खरं नव्हतं. त्यांना त्या क्षणी समन्वयक बाईंचे डोळे आठवले, कंपन्यांचा तो मृदू माणूस आठवला आणि सगळ्यांत आधी, हे मात्र त्यांनी कुणालाच कधी सांगितलं नाही, वर्तमानपत्रातलं स्वतःचं चुकीचं छापलेलं नाव आठवलं.

"अकरा महिने झाले," काकांनी सभेच्या भाषेत वाचलं, "आमच्याकडे काहीही उरत नाही."

"माझी बहीण दवाखान्यात आहे," थोरली सांगत होती. "तिच्या नाकात नळी आहे. डॉक्टरांशी मी खोटं बोलले."

"हे आम्हाला जमलं, तर साऱ्या जगाला जमेल."

"तुम्ही पुड्या बनवायचं थांबवा. आमच्या चुलीत आता जागा नाही."

"तुम्ही आमच्या गावात या. आम्ही तुम्हाला शिकवू."

दिवा विझला. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. काही माणसं उठून उभी राहिली. कंपन्यांचा माणूसही उभा राहून मनापासून टाळ्या वाजवत होता.

बाहेरच्या लांब पडवीत थोरली एका बाकावर बसली होती. काका तिच्यापासून हातभर अंतर सोडून बसले.

"काका, पुढच्या रांगेत एक बाई होती. पांढऱ्या केसांची."

"हं."

"मी धाकटीच्या नळीचं सांगत होते ना, तेव्हा ती हसत होती. मान डोलवून डोलवून. चांगल्या घरची दिसत होती. अशी बाई दुसऱ्याच्या बहिणीच्या नळीवर हसेल?"

"नाही हसणार."

"मग तिने काय ऐकलं?"

काका आपल्या बुटांकडे बघत राहिले.

"काय सांगितलंत तुम्ही?"

"कागदावरचं."

थोरली रडली नाही की ओरडली नाही. तिने गळ्यातलं कार्ड काढलं, त्या आवरणाची कड नखाने उचकटून पाहिली. पुडी हातात आली की शेडमध्ये बघते तशी. पापुद्रे सुटले नाहीत.

"हेही उरलेल्यातच जाईल," ती म्हणाली आणि कार्ड पिशवीत ठेवलं.

परतीच्या सबंध प्रवासात ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. काकांनी दोनदा चहाचं विचारलं. दोन्ही वेळा तिने नको म्हणून मान हलवली.

त्या सभेत करारातलं पुड्यांवरच्या बंदीचं कलम गळालं. जगातल्या एका गावात जमतं तर बंदी कशाला, असं कुणी म्हटलं आणि बाकीच्यांना ते पटलं, असं समन्वयक बाईंनी कळवलं. त्यांनी काकांना दोष दिला नाही. काकांनी दुरुस्तीपत्र पाठवलं, चार पानी, सगळं स्वतःच्या नावावर घेऊन. महिन्याने सभेच्या कार्यालयाचं उत्तर आलं : दुभाष्याने माइकवर उच्चारलेला मजकूर हाच नोंदीचा मजकूर असतो, तो आता बदलता येत नाही. आपलं पत्र पुढील अहवालाच्या परिशिष्टात समाविष्ट करू. परिशिष्टं कोण वाचतं, हे काकांइतकं कुणाला माहीत असणार? आयुष्यभर ती त्यांनी एकट्यानेच वाचली होती.

धाकटी घरी आली, पण शेडमध्ये नाही. खाटेपासून दारापर्यंत चालली की तिला धाप लागे. तिच्या जागेवर कुणी बसत नव्हतं. उरलेल्या पाचजणी निवडत होत्या, जरा सरकून, जागा भरून न काढता. डब्याच्या पिशवीतून आता कुणी काही नेत नव्हतं.

एका संध्याकाळी पोतं भरलं. थोरलीने पिशवीतून ते कार्ड काढून वर टाकलं आणि पोतं काट्यावर चढवलं. काका खडू घेऊन फळ्यापाशी उभे होते. इतके दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंही बोलली नव्हती.

"साडेतेरा," ती म्हणाली.

काकांनी लिहिलं. तेरातला तीन वाकडा आला. त्यांनी तो पुसून पुन्हा काढला. तिने काहीतरी आणखी म्हणावं म्हणून ते तसेच उभे राहिले, खडू हातात धरून, पूर्वीसारखे.

थोरलीने त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. मग पोत्याचं तोंड सुतळीने आवळलं.

"साडे राहिलं लिहायचं," ती म्हणाली. "लिहा, साहेब."

तिने त्यांना साहेब कधीच म्हटलं नव्हतं. मागे बसलेल्या चौघींपैकी कुणीही मान वर केली नाही. काकांनी साडे लिहिलं आणि खडू फळ्याच्या कडेवर ठेवला.