साक्षीदाराची सही

मेकॅनिकने मशीनच्या मागची फळी काढून भिंतीला टेकवली, आत तोंड घातले आणि जोरात फुंकर मारली. एकतीस वर्षांची धूळ उलटून त्याच्याच चष्म्यावर बसली.

"सावकाश हो," शेजारी उभा असलेला संग्राहक म्हणाला. "आमच्यात त्या धुळीलाही मान आहे."

दुसऱ्या दिवशी त्या सभागृहात जुन्या व्हिडिओ गेमच्या चाहत्यांचे संमेलन भरणार होते. लांबलचक टेबलांवर कार्ट्रिज, जॉयस्टिक, पिवळी पडलेली मासिके मांडायचे काम चालू होते. पण लोक येणार होते ते या मशीनसाठी. खडक आणि भोवरे चुकवत एक होडी पुढे काढायची, एवढाच तो खेळ. सगळे त्याला होडीचे मशीन म्हणत. मेकॅनिकच्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, याच मशीनवर एका बैठकीत नऊ लाख बहात्तर हजार गुण केले होते. तेव्हापासून त्याला घरीदारी सगळे चॅम्पियनच म्हणत. विक्रमानंतर दोनच दिवसांनी मशीन जिथे होते ते गेम पार्लर बंद झाले, मालकाने मशीन गोदामात कोंडले आणि ते तिथेच राहिले. गेल्या महिन्यात संग्राहकाने ते हुडकून काढले. उद्या एक नर्स त्याच्यावर विक्रम मोडायला बसणार होती. साक्षीदार म्हणून सही करायची ती मेकॅनिकने. एकतीस वर्षांपूर्वीही सही त्याचीच होती. तो तेव्हा त्या पार्लरमध्ये दुरुस्तीला होता.

हे काम घेऊ नका, असे त्याला दोघांनी सांगितले होते. बायको म्हणाली होती, "तुमचे डोळे आता कुठे बारीक कामाचे राहिलेत?" चॅम्पियन म्हणाला होता, "दाजी, बंदच राहू द्या ना ते. नुसतं ठेवलं तरी लोक फोटो काढतील." दोघांना आपली काळजी आहे, याचे त्याला बरे वाटले होते.

बिघाड साधा निघाला. दोन कपॅसिटर फुटले होते. ते बदलून त्याने बटण दाबले, काच हळूहळू उजळली आणि खडकांतून होडी बाहेर आली. संग्राहकाने टाळी वाजवली. टेबलांवरची माणसे हातातले काम टाकून धावली.

मेकॅनिक मात्र कान देऊन ऐकत होता. सुरुवातीची धून त्याला झोपेतही म्हणता आली असती. आज ती किंचित बसलेली होती, सर्दी झालेल्या माणसाने म्हणावी तशी. होडीही जरा रेंगाळत होती. तो पुन्हा मागे गेला आणि बोर्डवर टॉर्च धरला.

मशीनला ताल देणारा क्रिस्टल बोर्डच्या कडेलाच असतो, नखाएवढी पत्र्याची डबी. तिच्यावरचा आकडा असायला हवा त्याहून लहान होता. म्हणजे सगळा खेळच मंद, शंभरात आठ भाग. बघणाऱ्याच्या सहज लक्षात येणार नाही. खेळणाऱ्याला मात्र प्रत्येक खडकापाशी श्वास घ्यायला फुरसत.

त्याने बोर्ड सोडवून पालथा केला. इतर सगळे जोड कारखान्याचे होते, एकसारखे. क्रिस्टलचे दोन तेवढे वेगळे, मोहरीएवढे, अजूनही चकचकीत. तारेची टोके आधी उजवीकडे वाकवलेली, मग सोल्डर करून मुळाशी छाटलेली. असे डावखुरा माणूसच करतो. लग्नाआधी चार वर्षे रेडिओच्या कारखान्यात बसलेली एक डावखुरी बाई तर असेच करायची. पुढे कितीतरी वर्षे घरच्या टेबलावर त्याच्या शेजारी बसून तिने असे हजारो जोड केले होते. ओळखीचे अक्षर दिसावे तसे ते त्याला दिसले.

"काय झालं?" संग्राहकाने विचारले.

"काही नाही." त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "एक पार्ट घरून आणायला लागेल. सकाळी बसवतो."

घरी जाताना बसमध्ये जागा असूनही तो उभाच राहिला.

विक्रमाच्या आदल्या दिवशी त्याने मशीन स्वतः तपासून बंद केले होते आणि कुलपावर सहीची कागदी पट्टी डकवली होती. तशा चार-पाच पट्ट्या त्याने घरीच सही करून ठेवल्या होत्या, न जाणो एखादी फाटली तर. पार्लरच्या आणि मशीनच्या किल्ल्या घरात खिळ्याला असायच्या. सकाळी त्याने पट्टी पाहिली, सही आपलीच, आणि खेळ सुरू करायला सांगितले.

त्या दिवशी गर्दीत पोस्टमन होता. पोस्टमन त्याचा जिवलग मित्र आणि चॅम्पियनच्या तोडीचा खेळाडू. तासाभराने तो कानाशी येऊन म्हणाला होता, "मशीन आज झोपेत आहे रे. धून ऐक." मेकॅनिकने धुनेकडे कान न देताच सगळ्यांदेखत त्याला सुनावले होते, "नाचता येईना अंगण वाकडं!" लोक हसले. पोस्टमनने विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या मंडळाला तक्रारीचे पत्र लिहिले. मेकॅनिकने उलट पत्र लिहून त्याला खोटे पाडले. त्यानंतर पोस्टमन त्यांच्या गल्लीत टपाल टाकायला आला तरी मान वर करत नसे. गेल्या वर्षी तो वारला. बातमी तिसऱ्याच माणसाकडून कळली.

बायको स्वयंपाकघरात ओट्याशी मटार सोलत बसली होती. मेकॅनिकने खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसला आणि वाडग्यातला एक दाणा उचलून बोटांत फिरवत राहिला.

"झालं का चालू?" तिने विचारले.

"झालं. धून बसकी येते."

तिचा अंगठा शेंगेत तसाच राहिला.

"क्रिस्टल तू बदललास," तो म्हणाला. आवाज चढला नाही. त्याचेच त्याला नवल वाटले.

तिने शेंग खाली ठेवली. नाकारायचा प्रयत्न तिने केला नाही.

"दोन महिने तो खोलीबाहेर येत नव्हता," ती म्हणाली. "नोकरी सुटलेली, ठरलेलं लग्न मोडलेलं. आई दाराशी ताट ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा जिंकू दे याला. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला नसता."

"म्हणून माझी किल्ली घेतलीस. माझी पट्टी लावलीस."

"तुमच्याच पट्टीवर लोक विश्वास ठेवत होते. दुसऱ्या कुणाच्या सहीला काय अर्थ होता?"

हे ती अगदी सरळपणे म्हणाली. दाणा बोटांत चिरडला गेला. तो त्याने ओट्याच्या कडेला पुसला.

"पोस्टमनला मी काय काय बोललो," तो म्हणाला. "तू तिथेच उभी होतीस."

"होते."

"आणि इतकी वर्षं? एक दिवस तुला सांगावंसं वाटलं नाही? मी तिऱ्हाईत होतो का घरात?"

तिने पदराला हात पुसले. मग पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिले, आणि त्या नजरेत भीती नव्हती, गोंधळ होता.

"सांगायचं काय?" ती म्हणाली. "तुम्हाला माहीतच होतं ना."

"मला?"

"पोस्टमनच्या पत्राला तुम्ही उत्तर लिहिलंत. मला वाचून दाखवलंत, इथेच बसून. 'खेळाच्या दिवशी सकाळी मी स्वतः मशीन उघडून आतला भाग तपासला.' असंच वाक्य होतं. अहो, उघडलं असतं तर तो क्रिस्टल दिसलाच असता. तुमच्या नजरेतून सुटणार होता का? मी म्हटलं, यांना कळलंय. कळलंय आणि माझ्यासाठी, माझ्या भावासाठी खोटं लिहितायत. बोलून दाखवायचं नाहीये. मग मीही बोलले नाही."

बाहेर कुणीतरी दुचाकी चालू करायचा प्रयत्न करत होते. ती तीनदा खोकली आणि बंद पडली.

"मी उघडलं नव्हतं," मेकॅनिक म्हणाला.

"मग लिहिलंत कशाला?"

"नियम होता, उघडून बघायचं. मी पट्टी बघितली, म्हटलं, आपलीच आहे. पोस्टमनने तेवढ्यावरच बोट ठेवलं असतं. म्हणून लिहिलं."

ती हळूच म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, याच्यावर मी सगळा संसार केला. तुम्ही रागवायचात, अबोला धरायचात, तेव्हा मी तेच आठवायचे."

तिने पुन्हा शेंग उचलली, पण सोलली नाही. तो उठून आतल्या खोलीत गेला, कपाटावरचे सुट्या भागांचे डबे खाली काढले आणि एकेक उघडू लागला. चौथ्या डब्यात, कागदाच्या पुडीत, पत्र्याची एक डबी निघाली. बरोबर आकड्याची. पुडीवर काही लिहिलेले नव्हते. मशीनमधला मूळ क्रिस्टल इतकी वर्षे त्याच्याच सामानात पडून होता.

सकाळी सभागृह भरायच्या आत त्याने तो बसवला. होडी खडकांतून सपकन बाहेर आली. धून खणखणीत वाजली. तो फळी लावत होता, तेवढ्यात चॅम्पियन मागे येऊन उभा राहिला. अंगात नवा शर्ट, खिशात सह्या द्यायला जाड पेन. खेळाच्या सामानाचे दुकान, दोन मुली, मानाने बोलावणारी माणसे; त्या एका दिवसाने त्याचे आयुष्य खरोखरच मार्गी लागले होते. हे मेकॅनिकलाही नाकारता येत नव्हते.

चॅम्पियन क्षणभर धून ऐकत राहिला. त्याचा चेहरा उतरला.

"दाजी, हे तुम्ही..."

"दुरुस्त केलं."

"पण तुम्हाला तर तेव्हापासूनच... ताई म्हणाली होती, दाजींना ठाऊक आहे, विषय काढू नकोस म्हणून." त्याने आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "दर वेळी तुमच्याकडे यायचो ना, वाटायचं, पाया पडावं. एवढं मोठं मन."

मेकॅनिकने शेवटचा स्क्रू पिळला. माणूस आपल्याला लुबाडतो आणि वर इतकी वर्षे आपला ऋणीही राहतो, याला काय म्हणावे ते त्याला समजेना.

"काय करणार आहात?" चॅम्पियनने विचारले.

"माझं आहे तेवढं परत घेणार आहे."

नोंदणीच्या टेबलावर मंडळाची एक प्रौढ बाई बसली होती. तिच्यामागे भिंतीवर चौकटीत जुना विक्रमाचा कागद लावला होता. खाली चॅम्पियनची वळणदार सही आणि तिच्या शेजारी, साक्षीदार म्हणून, मेकॅनिकची.

"ती सही मला रद्द करायची आहे," तो म्हणाला.

बाईला वाटले, तो थट्टा करतोय. मग तिने चष्मा नाकावर खाली घेतला. "कारण लिहून द्यावं लागेल. आणि साक्षीदार नाही तर विक्रमही राहणार नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

तिने कोरा कागद पुढे सरकवला. रांगेतली चार माणसे थांबून पाहू लागली. त्यांत ती नर्सही होती, मनगटाला पट्टा बांधून सकाळपासून बोटे मोकळी करत बसलेली. मेकॅनिकच्या डोक्यात बायकोचे नाव, चॅम्पियनचे नाव, किल्ली, पट्टी, सगळे ओळीने उभे होते. नुसते उतरवायचे होते. पेन कागदावर टेकले आणि तसेच राहिले. शाईचा एक ठिपका पसरला.

मग त्याने एकच ओळ लिहिली. मी त्या दिवशी मशीन उघडून तपासले नव्हते आणि तपासले असे मंडळाला खोटे लिहिले.

बाईने ती ओळ दोनदा वाचली. "एवढंच?"

"एवढंच."

"तुमच्यावर आम्ही इतकी वर्षं..." तिने वाक्य अर्धेच सोडले. रांगेतल्या एकाने दुसऱ्याला काहीतरी सांगितले आणि दोघांनीही मेकॅनिककडे पाहिले. अशाच नजरा एकदा पोस्टमनवर वळल्या होत्या. या दोघांनी त्याला कधी पाहिलेही नसेल.

नर्स पुढे झाली. "म्हणजे आता मी खेळू की नको?" तिने विचारले. "की साक्षीदार दुसरा बघायचा?"

"दुसरा बघा," मेकॅनिक म्हणाला. "मशीन चांगलं आहे. पण कुणाला तरी उघडून बघायला लावा. माझ्या सांगण्यावर जाऊ नका."

फळी पुन्हा काढली गेली. संग्राहक आणि मंडळाचा एक माणूस टॉर्च घेऊन आत वाकले. मेकॅनिक लांब भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. चॅम्पियन कुठेच दिसत नव्हता. दाराकडून बायको येताना दिसली. ती काल संध्याकाळचीच साडी नेसली होती. भिंतीवरच्या चौकटीतला कागद आता काढलेला होता, त्या रिकाम्या चौकटीकडे तिने पाहिले, टेबलावरच्या बाईशी काही बोलली, आणि बाईने तिला ती ओळ दाखवली. ती उभ्या उभ्या वाचत राहिली, ओळीच्या मानाने फारच वेळ.

मग गर्दीतून वाट काढत ती त्याच्याजवळ आली आणि शेजारी उभी राहिली. समोर होडी निघाली. नर्सची बोटे सरसर चालू लागली, पहिला खडक गेला, दुसरा गेला.

मेकॅनिक अर्धे पाऊल बाजूला सरकला. भिंतीला टेकायला दोघांपुरती जागा झाली होती. ती टेकली नाही.