बाराव्याची अफू

घेवर गेल्यापासून अकरा दिवस त्याची आई धापू एकच सांगत होती: पोराचं हृदय बंद पडलं. मारवाडात दुखवट्याला आलेला माणूस टेकता टेकताच विचारतो, "कसं झालं?" मग घरच्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. दिवसाला वीस वेळा सांगून सांगून ते खोटं आता तिच्या जिभेवर चांगलं बसलं होतं.

खरं पक्कं ठाऊक होतं ते तिला, धाकट्या दिराला आणि डॉक्टरला. एकोणीस वर्षांचा घेवर हमरस्त्यावरच्या ढाब्यामागं, जिऱ्याच्या पोत्यांनी भरलेल्या गाडीत, दंडात सुई तशीच असताना सापडला होता.

पाचव्या दिवशी शाळेचे मास्तर आले होते, त्यांच्या कानावर कुजबूज आली होती. वर्गातली पोरं नको त्या वाटेला लागलीत, काकी, तुम्ही खरं सांगितलंत तर ऐकतील, असं हात जोडून म्हणाले. धापूनं त्यांना झाडून काढलं. माझ्या पोराची लक्तरं तुमच्या फळ्यावर टांगायची का, म्हणाली. मास्तर चहाही न घेता गेले.

बाराव्याला सकाळपासून ओसरीवर दीर पूनमाराम खलात अफू घोटत होता. सोयरीक असो की मयत, आलेल्याला आपल्या ओंजळीतून अफूचं पाणी पाजायचं. नाही पाजलं तर घराण्याचं नाक जातं. धापू गोवऱ्या आणायला गोठ्याकडे गेली, तर भिंतीपलीकडे तिचा धाकटा मुलगा किरता आणि त्याचे दोन वर्गसोबती कुजबुजत होते. चौदा-पंधराची पोरं.

"आई म्हणायची, एकदा जिभेला लागली की रक्त काळं पडतं, माणूस जागीच आडवा," किरता म्हणाला. "काका वीस वर्षं चाटतोय. परवा सांडणीवर बसून लग्नाला जाऊन आला. सगळ्या थापा."

"मग घेवरभाऊ?"

"त्याचं हृदयच कच्चं होतं."

धापूच्या हातातल्या गोवरीचे दोन तुकडे झाले. पहिली थाप तिनंच घेवरला सांगितली होती. दुसरी ती अकरा दिवस याला भरवत होती.

ती भिंतीला वळसा घालून पुढं आली. पोरं उठायला लागली.

"बसा. पळालात तर तंगडी मोडीन." ती स्वतः गव्हाणीच्या कडेवर टेकली. "रक्त काळं पडत नाही. मी खोटं बोलले. घेतलं की बरं वाटतं. डोक्यातली किरकिर थांबते, अंग हलकं होतं. बरं वाटतं म्हणूनच घेतात, शहाण्यांनो. घेतल्यावर अंग ठणकलं असतं तर कोण गेलं असतं त्याच्या वाटेला?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मोठ्या माणसाच्या तोंडून हे त्यांनी ऐकलं नव्हतं.

मग तिनं उरलेलंही सांगितलं. काका सांडणीवर चढतो तो सकाळची गोळी पोटात गेल्यावर. एक दिवस चुकू दे, मग बघा कसा चढतो. किरत्याच्या बापाला, तो होता तेव्हा, अफू मिळाली नाही की नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, जमिनीवर लोळायचा, आणि ती त्याच्या पिंडऱ्या चोळत बसायची. घेवरनं सुईनं टोचून घेतली ती पांढरी पावडर तर त्याहून वाईट. तिच्यात काय कालवलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. काल झेपली तेवढीच आज श्वास बंद करते. घेवरच्या बरोबर दोघं होते. त्याचे ओठ निळे पडले तसे ते माराच्या भीतीनं पळाले. वेळेवर दवाखान्यात आणला असता तर कदाचित वाचला असता, असं डॉक्टर म्हणाला होता.

"तुमच्यातला कुणी तसा पडला तर पळू नका. बोंब मारा. मार मागाहून खाता येतो."

पुढचं तिनं दिरालाही कधी सांगितलं नव्हतं.

"घेवर तान्हा होता. जिरं कापायला जायचं असायचं, हा रडायचा. मी नखावर अफू घेऊन चाटवायची. माझ्या सासूनं तेच केलं, तिच्या सासूनंही. दिवसभर गप निजायचा. लोक म्हणायचे, काय गुणाचं पोर. त्यानंच पुढचं झालं का, मला ठाऊक नाही. पण पहिलं चाटण माझं."

किरता पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"त्याला तुला सांगायचं होतं," तो म्हणाला. "होळीनंतर दोनदा चुलीपर्यंत आला होता. मला म्हणाला, आई म्हणते, या घरात कुणी पावडरीला शिवलं तर त्याच्या नावानं आंघोळ करीन. मग परत फिरला."

म्हणाली होती. पाहुण्यांसमोर, मान ताठ करून म्हणाली होती, आणि सगळ्यांनी वाहवा केली होती. अकरा दिवसांमागं तिनं ती आंघोळही केली.

अंगणात कुणीतरी खाकरलं. सिवान्याहून तिचे म्हातारे मामा आले होते. ते ओसरीवर टेकले, पूनमारामनं ओंजळ भरून पुढं केली. धापू आली तसं त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कसं झालं गं, पोरी?"

"हृदय," पूनमारामनं सवयीनं सुरुवात केली.

किरता दारात उभा होता, तिच्याकडेच बघत.

"हृदय धड होतं त्याचं," धापू म्हणाली. "सुईनं गेला. पावडरीच्या."

"वहिनी," पूनमाराम दबक्या आवाजात म्हणाला. त्याच्या बोटांतून पाणी गळून धोतरावर डाग पडत होते.

मामा त्या ओंजळीकडे बघत राहिले. मग मान खाली घालून प्याले. जुन्या सवयीचा माणूस. धापूनं किरत्याला हाताला धरून शेजारी बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.