ढिलोबाची तीन नाणी

टांकसाळीतून निवृत्त झालेल्या त्या फिटरला सगळे ढिलोबा म्हणत. बत्तीस वर्षांपूर्वी नाण्यांवर साल दुहेरी उमटलं, मुख्य मिस्त्रीने "याने साचा ढिला बसवला" असं सांगून हात झटकले आणि ढिलोबाची रवानगी यंत्रावरून थेट गोदामात झाली. तेव्हापासून हा माणूस घरातलं प्रत्येक झाकण असं पिळून बंद करी, की साखर काढायलासुद्धा बायकोला शेजाऱ्यांना हाक मारावी लागे.

आज तो तीच चूक असलेली तीन नाणी घेऊन नाणी पारखणाऱ्या बाईंकडे आला होता. बायकोही सोबत होती. नाणी गोळ्यांच्या डबीत होती आणि डबी अर्थातच कुणाला उघडेना. शेवटी पारखणारीने ती दाराच्या फटीत धरून फिरवली.

"एकदाचं कळू द्या, ताई," तो म्हणाला. "माझा हात ढिला होता का? होता तर होता म्हणा."

तिने नाणं कडेनेच धरलं. दिव्याखाली केसभर कलवलं, थांबली, पुन्हा केसभर. उगाच हुंकार नाही की घाई नाही. मुलीच्या वयाची पोर काय सांगणार, असं मनात धरून आलेला ढिलोबा तिच्या बोटांकडे बघतच राहिला. कामाचा हात ओळखायला त्याला भिंग लागत नव्हतं.

अर्ध्या तासाने तिने भिंग त्याच्या हाती दिलं. "काका, ही वर उठलेली रेघ बघा, साच्याच्या तड्यात धातू शिरला की अशी उठते. साच्याला तडा गेलाय. पहिल्या नाण्यात इवलासा, तिसऱ्यात पार कडेपर्यंत. म्हणजे साचा एकच, पण मध्ये हजारो नाणी पडलीत. आता सालातला सात बघा."

तिन्हींवर दुसरा सात त्याच जागी, तेवढाच सरकलेला होता.

"साचा ढिला असता तर दर ठोक्याला वेगळा हलला असता. अंक चेपले असते. इथे दोन्ही सात कसे गोल, भरलेले आहेत! साचा तयार करताना मूळ ठसा दोनदा दाबतात, तो दुसऱ्यांदा सरकला असणार. चूक साच्यातच होती, तुमच्याकडे यायच्या आधीची." ती हसली. "आणि तुम्ही तो असा बसवलात, की तडकला, पण जागचा हलला नाही. असं काम मी क्वचित पाहिलंय."

ढिलोबाचे डोळे भरून आले. बत्तीस वर्षं जे त्याला सांगता आलं नव्हतं, ते या पोरीने धातूकडून वदवून घेतलं होतं.

"अगं बाई," बायको म्हणाली, "मग माझी मनगटं काय फुकट गेली?"

पण तिनेही पदराने डोळे पुसले.

जिना उतरताना खणकन आवाज झाला. डबीचं झाकण निघालं होतं आणि तिन्ही नाणी पायरी पायरीने उड्या मारत खाली निघाली होती.

"अहो! झाकण ढिलं लावलंत?"

"हो," तो मोठ्याने हसत म्हणाला, "हे मात्र मीच लावलं."