पाण्याची गोळी

“पाय पुढे करा बघू, आई.”

“पायात काय नवीन उगवला गो? काल बघितलंस, परवा बघितलंस. हयसर मुळे उपटूचे रवलेत!”

तरी सुगंधाने पाय पुढे केला. सुनेशी वाद घालायचा, पण तिचं ऐकायचंही, अशी तिची जुनी रीत. क्षमाने घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला, मनात दहा आकडे मोजले आणि काढला. खळगा पडला तो पडलाच. ओल्या वाफ्यात बोट रुतवावं आणि भोक तसंच राहावं, तशी कातडी मागे यायला तयार नव्हती.

“वाढलीय सूज.”

“उभ्यान काम करणाऱ्या बाईचे पाय सुजतत. त्येका शिकाक लागत नाय.”

“गोळी घ्या.”

सुगंधाने चहाचा घोट घेतला, पांढरी गोळी जिभेवर ठेवली, मान मागे टाकली आणि तोंड उघडून दाखवलं. “झाला? बघ, खय हा ती?”

क्षमाने वहीत तारीख लिहिली. बी.एस्सी. झालेली पोरगी, लग्नाआधी चारकोपला एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. नोंद करायची सवय हाडात मुरलेली. आठ महिन्यांपूर्वी प्रांजल झाल्यापासून तर ती सगळंच लिहायची. पोरीने दूध कधी घेतलं, सासूने गोळी कधी घेतली.

घर गोराईला, खाडीच्या पलीकडे. सासरा राजाराम मालवणाकडचा, गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा गावी परत जायची लाज वाटली, म्हणून त्याने ओळखीच्या एका माणसाची वाडी कसायला घेतली. तो गेला त्याला सहा वर्षं झाली, पण सुगंधाने वाडी सोडली नाही. तांबडं फुटताना मुळा, माठ, अळू काढायचं, विहिरीवर धुवायचं, केळीच्या खोडाच्या सोपाने जुड्या बांधायच्या, होडीने खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात फुटपाथवर बसायचं. माल संपवून दुपारी दोनपर्यंत परत. मुलगा सुबोध अंधेरीला लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, तो सकाळी जायचा तो अंधारून आल्यावर उगवायचा.

माघात सुगंधाला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हृदय थकलंय, पाणी अंगात साठतंय. रोज सकाळी ही पाण्याची गोळी द्या, लघवीवाटे पाणी निघून जाईल. मीठ कमी. आणि रोज वजन करा, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर धावत या.

घरात वजनाचा काटा नव्हता. वाडीत पोती तोलायचा होता. क्षमा सासूला रोज त्याच्यावर उभी करायची.

“माका काय विकूक काढलंस?” सुगंधा काट्यावरून ओरडायची, आणि कुंपणापलीकडून शेजारची नलिनी, तीही बाजारात तिच्याच शेजारी बसणारी, दात काढायची. “काय भाव लावलास गं सासूला, क्षमा? जुडीवर देतेस की किलोवर?”

“तुलाच देते, मावशी. ने एकदाची.”

“नको बाई. बोलते फार. फुकट दिलीस तरी महाग पडेल.”

हसायच्या तिघी. पण काटा हसत नव्हता. गोळी सुरू केली तेव्हा चोपन्न. आठवड्याने पंचावन्न. आज, बावीस दिवसांनी, साडेअठ्ठावन्न. बाई जेवते अर्धी भाकरी आणि वजन वाढतंय. झोपताना दोन उशा लागायच्या, आता ट्रंकेला टेकून बसूनच डोळा लागायचा. गोळी रोज पोटात जातेय, मग पाणी जातं कुठे?

क्षमाने ठरवलं, मीठ. नक्की मीठ. सुके बांगडे, लोणच्याची बरणी, पापड, सगळं तिने माळ्यावर टाकलं. सासूने कपाळाला हात लावला.

“बाजारात जाऊन वडापाव खाता ना तुम्ही? खरं सांगा.”

“नाय गो बाय.”

“मग सूज कुठून येते? हवेतून येते?”

“तुझ्या त्या वहीतसून येता,” सुगंधा म्हणाली. “इतक्या लिवतंस, कायतरी बाहेर पडणारच.”

क्षमा चिडून बोलली. काय बोलली ते तिला नंतर किती दिवस टोचत राहिलं. म्हणाली, “तुम्हाला जगायचंच नाहीय, आई.” टोपली डोक्यावर घेताना सुगंधाला दोनदा थांबावं लागलं.

त्या दिवशी ती बाजारातून आली ती ओसरीवर आडवीच झाली. कमरेची चंची सोडून उशाशी ठेवली. चंची म्हणजे तिची तंबाखू-चुन्याची कापडी पिशवी, राजारामच्या जुन्या पँटची शिवलेली. तिला कुणी हात लावायचा नाही, असा घरचा नियम. क्षमा मोरीत बाळाचे कपडे पिळत होती. दोनच मिनिटं. बाहेर आली तर प्रांजल रांगत आजीच्या उशाशी पोचलेली, चंची उलटी आणि पोरीच्या हनुवटीवर पांढरा लाळेचा ओघळ.

क्षमाने हातातलं सगळं टाकलं. पोरीचा जबडा उघडला, तोंडात बोट फिरवलं. हिरड्या, जीभ, टाळू. काही नाही. फरशीवर तंबाखू सांडली होती आणि तंबाखूत गोळ्या. पांढऱ्या, बारीक, कडेने विरघळलेल्या, पिवळट पडलेल्या. ढीगभर.

“आई! आई, उठा! ह्या कसल्या?”

सुगंधा कोपरावर उठली. बघितलं आणि तोंडावर पदर घेतला.

क्षमाला उत्तर नको होतं, तिला आकडा हवा होता. पोरीने एक जरी गिळली असेल तर? आठ महिन्यांचा जीव तो. तिने वही ओढली. बावीस दिवस, बावीस गोळ्या. फरशीवर गुडघे टेकून ती एकेक वेचायला लागली. पाच, नऊ, तेरा. दोन एकमेकींना चिकटलेल्या, त्या नखाने सोडवल्या. अठरा. चंचीच्या शिवणीत तीन. एकवीस.

एकवीस.

तिने फरशी चाचपली, चटई झटकली, पोरीचं झबलं उलटं केलं. प्रांजल रडायला लागली, आणि रडताना तिची उजवी मूठ तेवढी घट्ट मिटलेली. क्षमाने ती एकेक बोट करून उघडली. आत ओली गोळी. बाविसावी.

तिने पोरीला छातीशी घट्ट धरलं. देवा, सगळ्या आहेत. एकही गेली नाही. आणि श्वास पुरता खाली उतरायच्या आत तिला कळलं, की सगळ्या आहेत म्हणजे आईंनीही एकही घेतलेली नाही.

“गालात धरायचात,” ती म्हणाली. “तंबाखू धरता तशी.”

“होय.”

“आणि तोंड उघडून दाखवायचात मला.”

“होय गो.”

“का?”

सुगंधाला बोलायला दम घ्यावा लागत होता. “पयल्या दिवशी घेतलंय मी. डॉक्टरान हातात दिल्लेली, थयच, पाकिटातली न्हय. मगे बाजारात बसलंय आणि अर्ध्या तासात लागली. गेलंय. परत इलंय, परत लागली. थय बायकांचो संडास एकच हा, पार त्या टोकाक, तेका बी कुलूप. चावी अकरा वाजता येता. माझी जागा कोण धरतला? नलिनी धरता, पण म्युनशिपालटीची गाडी इली तर ती सोताची टोपली बघतली की माझी? गाडीवाल्यांनी त्या दिवशी माझी आख्खी टोपली उचलल्यानी. आणि…” ती थांबली.

“आणि काय?”

“आणि कुलपाकडे पोचासर लुगडा भिजला, बाय. भर बाजारात. साठ वर्साची बाई मी.”

क्षमाने प्रांजलला खांद्यावर घेतलं आणि ती ओली गोळी बाकीच्यांत ठेवली.

“मग फेकल्या का नाहीत? जपून का ठेवल्यात?”

“औषध फेकतत काय?” सुगंधाला खरंच नवल वाटलं. “पावसात वाडी बंद रवता. तवा घरातच आसतंय ना मी, मोरी चार पावलांवर. तवा घेतलंय आसतंय सगळी. एकदम.”

क्षमाला हसावं की रडावं कळेना. पावसाळ्यासाठी सुके बांगडे साठवतात, लाकडं साठवतात, तशा बाईने गोळ्या साठवल्या होत्या. आणि आपण मात्र बांगडे माळ्यावर टाकले, बरणी लपवली, आणि सगळं विचारलं, वडापावसुद्धा विचारला. बाजारात लघवीला जाता कुठे, हे एकदाही विचारलं नाही.

“आई, मी रोज पाण्याची बाटली भरून देते. ती रिकामी येते. पाणी तरी पिता ना?”

सुगंधाने नजर चुकवली. “पाल्यावर मारतंय. मुळो ताजो दिसता.”

सुबोधला फोन केला, तो अर्ध्या कामावरून निघाला. भरती होती, होडी लगेच मिळाली. होडीत सुगंधा पुढे वाकून, दोन्ही हात फळीवर रोवून बसली होती, जणू श्वास पाण्यातून वर ओढून काढायचा होता.

डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि लगेच भरती करायला सांगितलं. फुप्फुसापर्यंत पाणी पोचलं होतं. क्षमाने चंचीतल्या गोळ्यांची गोष्ट सांगितली. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, नुसते दमल्यासारखे बघत राहिले.

“सकाळीच घ्यायला हवी असं काही नव्हतं हो. बाजारातून आल्यावर दोन-तीन वाजता घेतली असती तरी चाललं असतं. विचारायचं ना.”

विचारायचं ना. एवढंच. क्षमाच्या वहीत बावीस दिवसांची एकूण एक नोंद होती, आणि हा एक प्रश्न नव्हता.

शिरेतून इंजेक्शन दिलं, लघवीला नळी लावली. खाटेच्या कडेची पिशवी बघता बघता भरली. नर्सने रिकामी केली, पुन्हा भरली. सुगंधा मान वळवून त्या पिशवीकडे टक लावून बघत होती.

“इतक्या सगळा माझ्या अंगात व्हता?”

“होय, आजी. दोन लिटरच्या वर गेलं.”

“कित्या नाय जायत,” ती डोळे मिटत म्हणाली. “वीस वर्सा धरून बसलेलंय.”

नर्स हसली. क्षमाला हसता आलं नाही. डॉक्टर जाताना सांगून गेले होते, हृदय बरंच ताणलं गेलंय, दोन दिवस बघू. किती उतरेल, किती नाही, आत्ता सांगता येणार नाही.

उतरत्या संध्याकाळी सुगंधाने तिचा हात धरला. “वाफ्यात मुळो तयार हा. उद्या नाय काढलो तर जून होतलो. आणि जागा…दोन दिवस जागेर कोण बसला नाय तर ती गेली. मगे परत गावाची नाय.”

“जाऊ दे जागा, आई.”

“जागा गेली तर मी उठान जातलंय खय?”

आईंना वाडी सोडा म्हणायचं, तर मग त्यांच्याजवळ दुसरं काय उरतं? आणि बाजार सोडू नका म्हणायचं, तर कुलूप तसंच.

सकाळी सुबोध आईजवळ राहिला. क्षमाने नलिनीच्या मदतीने मुळे उपटले, धुतले, जुड्या बांधल्या. प्रांजलला ओढणीने पोटाशी बांधलं, टोपली होडीत चढवली आणि सासूच्या जागेवर जाऊन बसली. दोन हात लांबीचं पोतं, मागे विजेचा खांब. एवढी जागा.

फाल्गुनाचं ऊन नऊलाच चढलं. गिऱ्हाईक येत होतं, जुडी उलटीपालटी करून बघत होतं. “ताजी आहे ना? पाला मलूल वाटतो.” कुणी विचारलं, “नेहमीच्या आजी कुठे?” क्षमा म्हणाली, “बऱ्या नाहीत.” गिऱ्हाईक म्हणालं, “अरेरे,” आणि दोन जुड्या घेतल्या.

दहा वाजता पोरीला ओढणीआड पाजलं. पाजल्यावर घसा असा कोरडा पडला की जीभ टाळूला चिकटली. आणि त्याच वेळी ओटीपोटात जड व्हायला लागलं. तिने रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. हिरवं दार, त्याला पितळी कुलूप. उन्हात चमकत होतं. रस्त्यावरून एक गाडी वळली तशा चार बायका एकदम टोपल्यांना हात घालून अर्ध्या उठल्या. गाडी वेगळी निघाली. बसल्या.

“अगं, पाणी पी,” नलिनीने क्षमाचीच बाटली पुढे सरकवली. “अंगावर पाजतेस, आणि सकाळपासून घोट नाही घेतलास. चक्कर येईल.”

क्षमाने बाटली घेतली. झाकण उघडलं. पाणी गार होतं, घरच्या विहिरीचं. तिने एकदा बाटलीकडे बघितलं, एकदा त्या दाराकडे. अकराला अजून तास होता.

मग तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि मुळ्याच्या पाल्यावर मारलं. उरलेलंही मारलं. जुड्या टवटवीत झाल्या.

“घ्या मुळा,” ती म्हणाली. कुणी वळलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाली, “ताजा मुळा घ्या.”