दीड इंच लांब मान

महेशच्या इलेक्ट्रिक गिटारीची मान समाधानच्या गिटारीपेक्षा दीड इंच लांब होती, आणि त्या दीड इंचानं समाधानचं जेवण गोड लागेनासं केलं होतं.

मल्हारीशेठच्या पंचवटीतल्या ऑर्केस्ट्रात समाधान नऊ वर्षांपासूनचा गिटारिस्ट. पण दोन हजार तीन साली गायिका छायाताईंच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज खाली आला. सगळी गाणी दोन सूर उतरवावी लागली. समाधाननं तारा उतरवल्या, तर त्या ढिल्या पडून नुसत्या फडफडायला लागल्या. जाड तारा घातल्या तर आवाज मठ्ठ! आणि हा निफाडहून आलेला महेश, काल आलेलं पोरगं! त्याच्या लांब मानेवर तारही लांब, म्हणून खालच्या सुरालासुद्धा ताठ बसायची. एकेक स्वर कसा टणटणीत.

"हं, आता गायला बरं वाटतं," छायाताई म्हणाल्या. नऊ वर्षांत समाधानला त्या असं एकदाही म्हणाल्या नव्हत्या.

मल्हारीशेठनं सांगून टाकलं, "गणपतीच्या सीझनला गिटारवाला एकच घेणार. रविवारी तालमीत ठरवू."

महेशला साधं विचारलं असतं तर त्यानं सगळं सांगितलं असतं. पण विचारतोय कोण? समाधाननं गुपचूप भद्रकालीत कादरभाईंचं दुकान गाठलं. महेशची गिटार त्यांनीच घडवलेली.

"मान दीड इंच वाढवा. वरची पट्टी मात्र माझीच जुनी बसवा, बोटं बसलीत तिच्यावर."

"अहो, मान वाढली की फ्रेटमधली अंतरंही वाढतात," कादरभाई पट्टीवरचे धातूचे आडवे पडदे दाखवत म्हणाले. त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला लटकणाऱ्या कागदाकडे बोट केलं. "त्याचं माप तिथं—"

"महेशचं ना? नको मला. सांगतो तसं करा."

"मग सुरात वाजायची नाही हं, आधीच सांगतो."

"वाजवणारा मी आहे!"

जोडाचा सरस वाळून गिटार हातात आली ती रविवारी सकाळीच. दुकानात मोकळ्या तारा छेडल्या, तर काय ताठ, काय भरदार आवाज! आता बघच महेश्या, म्हणत तो थेट तालमीला गेला.

पहिली कॉर्ड धरली आणि छायाताईंनी कपाळाला आठ्या घातल्या. मोकळी तार सुरात, पण बोट दाबलं की स्वर खाली पडायचा. वर जावं तसा आणखीच खाली. समाधाननं तीनदा गिटार लावली. तरी तेच. महेशनं एकदा गिटारीच्या मानेकडे पाहिलं आणि त्याला काय ते कळलं. मेल्यानं हसायला तरी हवं होतं! तो नुसता पुढं आला.

"दादा, माझी घ्या."

समाधाननं ती घेतली, वाजवली. "हं, आता गायला बरं वाटतं," छायाताई म्हणाल्या. नऊ वर्षं वाट पाहिलेले शब्द आले, ते महेशच्या गिटारीला! समाधाननं पट्टा गळ्यातून काढला.

"शेठ, महेशलाच घ्या," तो म्हणाला. मग मान खाली घालून त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "महेश, फ्रेटचं माप देशील का?"

"कादरभाईंकडं आहे की, खिळ्याला लटकवलेलं," महेश म्हणाला. "महिना झाला. तुमच्यासाठीच ठेवलं होतं मी, दादा."