डावीकडची शेवटची दाढ

चांगुणाच्या डाव्या गालात कळ यायची, ती सांगून यायची नाही. तोंड धुताना, भाकरीचा घास चावताना, कधी नुसतं वारं लागलं तरी कानापासून हनुवटीपर्यंत वीज चमकून जायची. जरा वेळानं सगळं जिथल्या तिथं. गाल ना सुजलेला, ना लाल. आता असलं दुखणं दाखवायचं तरी कोणाला? बेलापुरातल्या त्या घरात कामाला तोटा नव्हता, आणि दुष्काळात विहीर आटल्यापासून तर पाण्याच्या खेपांना अंतच नव्हता. सून गाल धरून बसली की सासू आक्काबाई फणकारायची, "काम दिसलं की हिचं थोबाड दुखतं."

पहिली दाढ नवऱ्यानं, गहिनीनाथानं, बाजारात दाढा काढणाऱ्या छगनकडं नेऊन काढवली. दुखणं तसूभर हललं नाही. पण गाल भोपळ्यासारखा सुजला, चिंधी रक्तानं भिजली आणि घराचा नूरच पालटला. आक्काबाईनं स्वतः हंडा उचलला. मऊ पेज करून दिली. "लई सोसलं गं पोरीनं," असं शेजारणीलाही सांगितलं. सूज होती तोवर ही माया टिकली. सूज उतरली, तशी तीही उतरली.

मग दुसरी दाढ गेली. मग तिसरी. दुखणं दाढेत नाही, हे चांगुणाला केव्हाच कळून चुकलं होतं. पण ती थकली होती. दुखण्यानं थकली होतीच. दुखतंय म्हणून पुन्हा पुन्हा सांगण्याचा तिला जास्त शीण आला होता.

आज डावीकडची शेवटची. छगननं दाढ हलवून पाहिली. "वहिनी, ही तर धड हाय. उगा कशाला काढताय?"

गहिनीनाथानं बायकोकडं पाहिलं.

"काढा," ती म्हणाली.

घरी आक्काबाईनं रक्ताळलेली चिंधी पाहिली आणि म्हातारीचा जीव कळवळला. तिनं अंथरूण घातलं, पेज आणली. "घे बाई. आता तिकडं काढायला काय राह्यलंच न्हाई. सुटलीस एकदाची."

पहिल्याच घोटाला तीच कळ त्याच वाटेनं गेली. चांगुणानं डोळे मिटून घेतले आणि नुसती होकाराची मान हलवली. सासू खरंच मायेनं पाठीवरून हात फिरवत होती. तो हात तिला हवा होता. सूज उतरेपर्यंतच तो राहील, हेही तिला ठाऊक होतं.

तिची जीभ डावीकडच्या मोकळ्या हिरडीवरून फिरली. मग हळूच उजवीकडं वळून तिथल्या धड दाढा चाचपू लागली.